मांजरीचा आकडा

वारजे, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. कांताआत्या हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी काही सांगायला लागले की तू मध्येच भाजीवालीशी घासाघीस करतेस, आणि तू बोलायला लागलीस की मी हो आत्या, हो आत्या करत लॅपटॉप बडवते, हा तुझा जुना आरोप. म्हणून ठरल्याप्रमाणे महत्त्वाचं ते कागदावर. सोनबाच्या टेम्पोतून रिकाम्या डब्यांबरोबर पाठवते आहे. इथून निघून, हडपसर करत तो दुपारी मांजरीला पोचतो. पत्राला तेलाचा डाग पडला तर तो माझा नाही.

तर आत्या, आपल्या महिला मंडळाचं ते काम झालं. शर्मिलाताई अध्यक्ष झाल्यापासून मागे लागल्या होत्या, की आपल्या पाचही पोळीभाजी केंद्रांची तुलना करून दे, कंपनीत नाहीतरी तू दिवसभर हेच करतेस. खरंच हेच करते, फक्त तिथे चपात्यांऐवजी गोदामं असतात. रीत सोपी आहे. केंद्रात आत काय गेलं ते बघायचं, म्हणजे पीठ, गॅस, बायकांचे तास. बाहेर काय आलं ते बघायचं, म्हणजे विकण्याजोगी चपाती आणि भाजी. आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची नाही. ज्या केंद्राचं जे चांगलं, त्याला त्याचंच वजन जास्त द्यायचं. कुणी गॅस वाचवत असेल तर गॅसला, कुणी पीठ वाचवत असेल तर पिठाला. एवढी सूट देऊनही दुसरं केंद्र तेवढ्याच सामानात जास्त काढून दाखवत असेल, तरच म्हणायचं की हे मागे आहे. इतकं समजूतदार माप मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता आकडे सांगते. वारजे शंभर. हडपसर शहाण्णव. बाकीची दोन त्यांच्याच आसपास. आणि मांजरी एकाहत्तर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला चिडवून गप्प बसले असते. पण पाच जागा चालवणं मंडळाला आता झेपत नाही, म्हणून मार्चच्या बैठकीत सगळ्यांत मागे असलेलं केंद्र बंद करायचं ठरलंय. हे मला आकडे देऊन झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी खोटा आकडा काढला नसता, हे तुलाही माहीत आहे. पण आत्या, मांजरी बंद झालेलं मला नकोय. फेब्रुवारीचा आकडा शेवटचा धरणार आहेत, तेव्हा हातात वेळ आहे. माझा कागद म्हणतो की मांजरीने वारज्याकडे बघावं आणि तसं काम करावं. बघशील का?

लोभ आहेच. राग आला तर तोही डब्यात घालून पाठव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
पूर्वा


मांजरी
९ जानेवारी

चि. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तेलाचा डाग नव्हता, आम्ही पाडला. एकाहत्तर वाचून आधी बरंच वाटलं गं. आमच्या वेळी एकाहत्तर पडले की गल्लीत पेढे वाटायचे. मग पुढचं वाचलं. म्हणजे प्रत्येकीने आपल्या सोयीचा पेपर निवडायचा, तपासणारी आपली सख्खी भाची, आणि तरी मी नापास. कमाल आहे बाई. आणि तपासणारी कोण, तर जी स्वतः रोज संध्याकाळी वारज्याच्या केंद्रातून चार चपात्या विकत आणून जेवते. पाटीवर पोळी लिहिलेली असते म्हणून तुला ती आपल्या बायकांनी नाही, कुणी दुसऱ्यांनी केली असं वाटतं की काय!

सोड. चेष्टा केली तरी मनातलं जात नाही. हे केंद्र आम्ही चौघींनी विहारामागच्या खोलीत सुरू केलं, तेव्हा परात माझ्या घरची होती आणि तवा मैनेचा. तुझे आतोबा गेले त्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. या परातीने मला उठवलं. आता म्हणे केंद्र मिटवून मला हडपसरला देखरेखीला बसवणार. खुर्चीत बसून मी दुसऱ्यांचे उंडे मोजू? त्यापेक्षा घरी बसेन. पण घरी बसायची मला भीती वाटते, हे तुला म्हणून सांगते. माझ्या दादाला सांगू नकोस, तो लगेच न्यायला येईल.

तुझ्या कागदातली एक गोष्ट मात्र मला अजिबात पटलेली नाही. फाटलेल्या, करपलेल्या चपात्यांचा आम्ही फोडणी देऊन कुस्करा करतो आणि चहाबरोबर खातो. ते तू वाया गेलेल्या पिठात धरलंस. वाया कसं गेलं? पोटात गेलं.

सध्या कुस्करा जरा जास्तच होतोय हे खरं. मुक्ताई म्हणून नवी पोर आलीय, चंद्रपूरकडची. नवरा सुदर्शन इथल्या नव्या इमारतींवर वायरमन आहे. तिकडची भात खाणारी माणसं, चपातीशी ओळख सणावारापुरती. तिच्या चपातीचं एक टोक मांजरीत असतं आणि दुसरं लोणी काळभोरात. पण कणीक तिच्या हाताचं ऐकते. असा हात मी बऱ्याच दिवसांनी बघितला. बसेल हळूहळू.

बाकी तू म्हणतेस तसं वारज्याकडे बघते. मैनेला तिकडे हेरगिरीला धाडतेय. तिला चहा पाज, नाहीतर ती खरं सांगणार नाही.

राग डब्यात मावला नाही, म्हणून लसणाची चटणी पाठवली आहे. तीच समज.

तुझी,
कांताआत्या


वारजे
२० जानेवारी

ती. आत्या हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

चटणी पोचली, राग कळला, दोन दिवस जिभेवर होता.

मैनामावशी येऊन गेल्या. हेर म्हणून त्यांना कुणी ठेवणार नाही. आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं की मला कांताबाईंनी तुमचं काय चांगलं आहे ते बघायला पाठवलंय, आणि मग भाग्यश्रीच्या शेजारी पाट ओढून बसल्या. भाग्यश्री म्हणजे आमची इथली सगळ्यांत जलद बाई. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चपाती तव्यावर. दोघींच्या इतक्या गप्पा रंगल्या की तेवढ्या वेळात वारज्याचा आकडासुद्धा घसरला असणार.

कुस्कऱ्याचं तुझं म्हणणं मान्य. पुढच्या वेळी तो तुमच्या नाश्त्यात धरेन. पण आता माझंही एक ऐक, आणि चिडू नकोस. दिवाळीत मी आले होते तेव्हा तुमचे दोन तवे रिकामे तापत होते, आणि तुम्ही सगळ्या बाहेर कट्ट्यावर चहा पीत होतात. मी गॅस बंद करायला उठले तर तू म्हणालीस की असू दे, पुन्हा तापवायला वेळ जातो. आत्या, वेळ नाही जात. तुमच्याकडे गॅस सगळ्यांत जास्त का, हे शोधायला मला गणित लागलं नाही.

वारज्याचं तर काही गुपित नाही. सगळ्या बायका तरबेज आहेत, एवढंच. तसं काही करता आलं तर बघ.

तब्येतीला जप, आणि लोभ तापलेल्या तव्यासारखा रिकामा ठेवू नकोस. काहीतरी टाक त्यावर.

तुझी,
पूर्वा


मांजरी
१२ फेब्रुवारी

चि. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

गॅसचं तुझं म्हणणं मी पहिले चार दिवस मनावर घेतलं नाही. मग एकदा सहज बंद करून बघितला, आणि चालू टाकी संपता संपेना. मैना म्हणते की गळती बिळती थांबली असेल. काय सांगू तिला? तू जिंकलीस. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक.

पण मोठी गोष्ट मैनेने वेगळीच आणली. म्हणाली, वारज्यात एकही कच्चा हात नाही. मी म्हटलं, असेल कसा? मंडळात नवी बाई आली की ती सरळ मांजरीला, का तर कांताबाई शिकवतात. हात बसला की हडपसर मागून नेतं, नाहीतर वारजं. अशीच रीत पडलीय, कुणी कधी ठरवलेली नाही. शेजारणीने विरजण मागावं तशी माझ्याकडून बाई मागतात, आणि मीही देऊन टाकते.

तर आता मी तुझ्या कागदाबरहुकूम वागायचं ठरवलं. वारज्यासारखं व्हा म्हणालीस ना? झाले. शर्मिलाताईंना सोनबाबरोबर निरोप धाडला की नवी बाई मला नको आणि बसलेला हात मी देणार नाही. आमची श्रद्धा या महिन्यात हडपसरला जायची होती, तिला ठेवून घेतलं. नव्या तिघी आल्या होत्या, त्यांना तसंच टेम्पोत बसवून हडपसरला पाठवलं. सोनबा म्हणाला की ताई, माणसं परत न्यायची माझी ही पहिलीच खेप. मी म्हटलं, गाडी चालव.

राहिली मुक्ताई. ती हडपसरला जायला तयार होईना. घाबरते, तिकडे कुणी ओळखीचं नाही. मी सांगितलं की बाई, मग मला तुला ठेवता येणार नाही, माझा आकडा पडतो. तिला आकडा म्हणजे काय ते कळलं नाही, पण नको म्हटलेलं कळलं. एप्रन धुऊन, वाळवून, घडी घालून आणून दिला.

आता आमचं काम काय वेगात चाललंय म्हणून सांगू. कुस्कऱ्याला चपाती उरत नाही. चहाबरोबर बिस्किटं खातो. मला काही ती गोड लागत नाहीत.

आकडा काढशील तेव्हा कळव. माया असू दे, पण मापात नको.

तुझी,
कांताआत्या


वारजे
२ मार्च

ती. आत्या हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बस खाली. बसलीस? मांजरी शंभर.

आणि आता बाकीचं ऐक. हडपसर चौसष्ट. वारजे अठ्ठ्याऐंशी. हडपसरला तुझ्या तिघी नव्या बायका पोचल्या आणि तिथे त्यांना शिकवायला कुणाला सवड नाही. जी शिकवायला बसते तिचा तवा थंड, जी शिकते तिचा तवा करपलेला. एका आयटी कंपनीतल्या पोरांनी काळ्या चपातीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की हा चंद्र नसून आमचं जेवण आहे. वारज्याच्या दोघी गावी गेल्या, त्यांच्या जागी पाठवायला मांजरीने कुणी दिलं नाही. शर्मिलाताईंनी आकडे बघितले आणि सरळ म्हणाल्या, मग हडपसर बंद करू.

काल मी हडपसरला जाऊन बसले, आज वारज्याला. ज्या ज्या बाईचं काम चांगलं, तिला विचारलं की तू शिकलीस कुठे. भाग्यश्री हसायलाच लागली. म्हणाली, कांताबाईंनी लाटण्याने बोटांवर टकटक करून करून गोल करायला लावली, अजून चपाती वाकडी झाली की आपोआप हात मागे घेते. दुसरीनेही तेच सांगितलं, तिसरीनेही. आत्या, तू मागच्या पत्रात हे सगळं लिहिलं होतंस आणि मी ते वाचून तुझ्या गॅसवर खूश होऊन बसले!

मांजरीत पीठ जात होतं, तास जात होते आणि बाहेर चपात्या कमी येत होत्या, कारण बाहेर बायका येत होत्या. त्या मी कुठेच धरल्या नाहीत. उलट त्यांचं सगळं काम वारज्याच्या आणि हडपसरच्या नावावर मांडलं. पाच केंद्रं वेगवेगळी आहेत असं समजून मी मोजत बसले, आणि ती तर एकाच परातीतली कणीक.

बैठक पंधराला आहे. तिथे मी हे सगळं मांडणार आहे. पण तुझं शंभर मग राहणार नाही. नव्या बायका पुन्हा तुझ्याकडे येतील आणि चपात्या पुन्हा फाटतील. चालेल ना? आणि मुक्ताई कुठे आहे?

जीव टांगणीला लागलाय. लोभासोबत उत्तरही पाठव, उत्तर आधी.

तुझी,
पूर्वा


मांजरी
६ मार्च

चि. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला खरं सांगू? शंभर फार गोड लागले गं. जन्मात मला कशात शंभर मिळाले नव्हते. श्रद्धाने मोठ्या अक्षरात कागदावर काढून दिले, ते मी परातीच्या वर भिंतीला चिकटवले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. गिऱ्हाइकाला काय कळतंय, त्याला वाटतं चपातीचा नवा भाव. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं की राहू दे की, हडपसरचं हडपसर बघून घेईल. आलं मनात, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मैना माझ्यावर डाफरली, की शंभर बघून बघून तुमचं तोंड का उतरलंय? मग मी उठले आणि मुक्ताईला शोधत गेले. नव्या इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे राहते. सुदर्शन कामावर होता. ती दारातच चूल मांडून चपाती करत होती. कुणाला विकायला नाही, एकटीच लाटत होती, मोडत होती, पुन्हा लाटत होती. पूर्वा, चांगली झाली होती गं. काठ जरा जाड, पण फुगत होती.

मी म्हटलं, चल. तर ती नाही म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली की मावशी, तुमच्या भिंतीवर शंभर लागलेत, मैनामावशींनी सांगितलं, आता मी आले की ते पडतील. मी म्हटलं पडू देत. तर मानच हलवली. मला भाग्यश्रीच्या बोटांवर टकटक करता येते, हिच्यापुढे मात्र काही चालेना. एका पोरीला मी सांगितलं की तुझ्या हाताने माझं नुकसान होतं, आणि तिला ते पटलंय. आता ते तिच्या मनातून काढू कसं?

बैठकीत खुशाल सांग की माझं शंभर काढून घ्या. पण तू शिकलीसवरलीस, तर मला हिला परत कसं आणायचं ते सांग. तुझ्या मापात याला काही उपाय असेल तर उत्तम, नसेल तर तसाच काहीतरी शोध.

माझ्यावर लोभ कर, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझी,
कांताआत्या


वारजे
१६ मार्च

ती. आत्या हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

झालं! कुठलंच केंद्र बंद होत नाही. मी बैठकीत कागद बाजूला ठेवला आणि एकच विनंती केली, की ज्या मांजरीला शिकल्या त्यांनी हात वर करा. शर्मिलाताईंनी वर झालेल्या सगळ्या हातांवर नजर फिरवली आणि मग स्वतःचाही हात वर केला. मी चाट! त्याही तुझ्याच हाताखालच्या, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या जागा कशा झेपणार ते विचारलंस तर, फक्त भाजीचं काम एका ठिकाणी आणून भाड्याच्या दोन खोल्या सोडायच्या ठरल्या. तयार होऊन दुसरीकडे गेलेली बाई यापुढे मांजरीच्या बाहेर येणाऱ्या मालात धरायची. माल म्हटल्यावर बायका माझ्यावर ओरडल्या, तर शब्द नंतर शोधते.

आता मुक्ताई. मापात उपाय नाही, मी बघितलं. म्हणून आज सकाळी बस पकडून तुला न सांगता तिच्याकडे गेले. मी तिला काही समजावलं नाही. तिच्याच पोळपाटावर एक चपाती लाटून दाखवली. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी म्हटलं, कंपनीची रजा साठली आहे, पुढच्या सोमवारपासून मी कांताबाईंकडे शिकायला बसतेय. आकडा पडायचा तो माझ्याने पडेल, तू शेजारी असलीस तर तुझ्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. तर म्हणाली, येते, तुम्हाला धरायला कुणीतरी हवं.

तेव्हा पुढच्या सोमवारी सकाळी दोन एप्रन काढून ठेव. लाटणं बोटांवर मारायचं असेल तर डाव्या हातावर मार, उजव्याने मला नोकरी करायची आहे.

सोमवारी भेटतेच आहे, तेव्हा लोभ रोखीने घेईन.

तुझी,
पूर्वा


मांजरी
२२ एप्रिल

चि. पूर्वा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू वारज्याला परत गेलीस आणि इथे फार शांत झालं. तवेसुद्धा कमी करपतात. मैना म्हणते की पूर्वा होती तेव्हा कुस्करा कसा पोटभर व्हायचा. आज सोनबाबरोबर तुझा आकड्यांचा कागद आला. मांजरी अडुसष्ट. पहिल्यापेक्षा तीन कमी. ते तीन तुझे.

शंभराचा कागद मी काढला. त्याच जागी अडुसष्टाचा लावला, श्रद्धाकडून तितक्याच मोठ्या अक्षरात काढून घेतला. आता कुणी विचारलं तर सांगते की हे आमच्या शिकणाऱ्या पोरींचं काम आहे. येत्या सोमवारनंतर तुझ्या नव्या मापात आम्ही पुन्हा वर जाऊ असं तू लिहिलंस. जाऊ देत. अडुसष्ट मी खाली काढणार नाही.

सोमवारनंतर, कारण त्या दिवशी मुक्ताई निघते आहे. हडपसरने मागितली आणि या वेळी ती घाबरली नाही, स्वतःच हो म्हणाली. तिच्या चपातीचे काठ आता माझ्यापेक्षा पातळ आहेत. टेम्पोत डब्यांशेजारी तिला जागा करून द्यायला सोनबाला सांगितलं आहे. तिला माझं जुनं लाटणं दिलं. घेताना पाया पडायला वाकली, तर मी ओरडले आणि मग दोघीही रडलो. बरं वाटलं रडून.

हडपसरने मुक्ताई मागितली, वारज्याने श्रद्धा मागितली. तुला अजून कुणी मागितलेलं नाही. तेव्हा दिवाळीत ये, पुन्हा पहिल्यापासून बसवते. तोवर वारज्याच्या चपात्या विकत घेऊन खा, त्याही माझ्याच आहेत.

तुझी,
कांताआत्या